स्वेटरवाल्या बाईंचा ड्राइव्ह

गल्लीत त्यांना सगळे खटखटकाका म्हणत. हे नाव पडलं ते त्यांच्या मागच्या खोलीतून दिवसभर येणाऱ्या आवाजामुळे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी सरकवली की ड्राइव्ह आधी घसा खाकरल्यासारखा गुरगुरतो, मग खट, खट करत वाचणारं हेड जागेवर नेतो आणि वाचायला लागतो. बिघडलेल्या ड्राइव्हचं खटखट मात्र संपतच नाही, हट्टी पोरानं दार वाजवावं तसं ते चालूच राहतं. काकांना त्या वाजण्यावरून आतलं दुखणं कळायचं. पट्टा सैल पडलाय, वंगण गोठून मेण झालंय, की हेडला धूळ चिकटलीय, हे ते झाकण उघडायच्या आधी सांगत. आणि काकू, ज्यांना गल्लीनं त्याच न्यायानं शिलाईकाकू करून टाकलं होतं, त्या पुढच्या खोलीतून मशीन न थांबवता म्हणत, "माणसांचं एवढं ऐकून घेतलं असतंत तर."

दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. पुढे काकूंचं शिलाई मशीन, मागे काकांचं टेबल. त्या दोघांचा बहुतेक संसार त्या पडद्यातून बोलून झाला होता. मुलीच्या शाळेपासून भाजी काय करायची इथपर्यंत सगळे निर्णय एकमेकांचं तोंड न बघता झाले, आणि काकूंच्या मते म्हणूनच टिकले.

काका तरुणपणी एका कंपनीच्या दुरुस्ती खात्यात होते. खांद्याला पिशवी अडकवून ऑफिसा-ऑफिसांतून फिरायचे. बाकीच्यांना कॉम्प्युटरच्या पोटातल्या सर्किटच्या पाट्या आवडत, काकांना ड्राइव्ह. पाटीत काही हलत नाही, ते म्हणायचे, ड्राइव्हमध्ये काहीतरी चालतं-फिरतं, त्याला थकवा येतो. पुढे जगाला फ्लॉपी नकोशी झाली, कंपनीला ते खातं नकोसं झालं, आणि लोक जे कचऱ्यात टाकत होते ते काका पिशवीतून घरी आणायला लागले. पलंगाखाली पाहुण्यांच्या गाद्या असत, तिथे ड्राइव्ह निजले. काकूंनी महिनाभर अबोला धरला. मग कुठून कुठून हौशी लोक यायला लागले. कुणाला आपल्या लहानपणीचा कॉम्प्युटर पुन्हा चालू झालेला बघायचा होता, कुणी नुसतेच जुन्या यंत्रांच्या नादी लागलेले. हळूहळू पार्सलं यायला लागली. तेव्हा काकूंनी गाद्या माळ्यावर टाकल्या आणि विषय मिटला.

काकांचा एक नेम होता. ड्राइव्ह 'गेला' असं ते कधी म्हणत नसत. कितीही बिघडलेला असो, "दमलाय" म्हणायचे.

मग एका सकाळी दात घासता घासता काकांच्या तोंडातून पाणी एका बाजूनं ओघळलं आणि ब्रश हातातून पडला. दवाखाना झाला, औषधं झाली, चालणं परत आलं. उजवा हात अर्धवट परत आला. कप उचलायचा, पण स्क्रूड्रायव्हर धरला की थरथरायचा. बोलणं मात्र सगळ्यांत मागे राहिलं. शब्द ओल्या कागदावरच्या शाईसारखे एकमेकांत पसरत. काकूंना सगळं कळायचं. कसं कळायला लागलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाकी कुणाला कळत नसे. मुलगी फोनवर "हो बाबा, हो हो" म्हणायची, आणि त्या हो-होवरूनच समजायचं की तिला एक अक्षर लागलेलं नाही. समजत काकांनाही होतं. ते फोनवर यायचे बंद झाले. जे सांगायचं ते काकूंना सांगत आणि काकू पुढे सांगत.

टेबलाशी बसणंही सुटलं. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून ते रस्ता बघत बसत, पडद्याकडे पाठ करून. मागची खोली मुकी झाली. काकूंना शिलाई मशीनचा स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागला.

मुलगी समजूतदार होती, आणि तिचं चुकतही नव्हतं. तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या, ती म्हणाली. इथे आता कोण काय दुरुस्त करणार आहे? मी गाडी घेऊन येते, सामान भंगारात देऊ, जागा सोडून देऊ. काकू म्हणाल्या, बघू. पण काका काहीच म्हणाले नाहीत, आणि काकूंना धास्ती बसली ती त्याची. मुलीकडे जायला त्यांची ना नव्हती. पण हा माणूस टेबलाकडे पाठ करून इथून निघाला, तर पुढे जाईल तिथे पाठ करूनच बसेल. त्यांना एवढंच हवं होतं की यांनी पुन्हा एकदा टेबलाशी बसावं. बोलणं सुधारो न सुधारो, पडद्यामागून खटखट यावी.

अशात एके दिवशी बाजारहाटाच्या चाकाच्या पिशवीत शालीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन एक म्हाताऱ्या बाई दारात उभ्या राहिल्या. एरवी आलेल्या माणसाला काकू सांगत, ते आता काम करत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ठेवून जा. बघतील."

या बाईंनी उभी हयात एका लोकरीच्या कारखान्यात स्वेटरचे नमुने काढण्यात घालवली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकटी चौकटी भरून पानं, हरणं, वेलबुट्ट्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तो कॉम्प्युटर मागून घेतला. घरी बसूनही कितीतरी वर्षं त्या नमुने काढत राहिल्या, आणि मग ड्राइव्ह फिरेनासा झाला. बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली, विणणं कधीच सुटलेलं. मग आता अचानक कशाला, असं काकूंनी विचारलं.

"सून विणायला शिकतेय," बाई म्हणाल्या. "परवा म्हणाली, तुमचे नमुने द्याल का. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंय हो."

फ्लॉप्या त्यांनी आणल्या नव्हत्या. बिस्किटांच्या डब्यात घरी होत्या, आणि तो डबा त्या कुणाच्या हाती देत नसत. आधी यंत्र चालू करा, मग डबा आणते.

दुरुस्तीला आलेला कपडा काकू आधी झटकून स्वच्छ करत, मगच कात्री लावत. तेच त्यांनी ड्राइव्हला केलं. इतक्या वर्षांत बघून बघून झाकण उघडायला त्या शिकल्या होत्या. धुळीचा थर ब्रशनं काढला, कडा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या. खालच्या अंगाला दोन स्क्रूंवर गुलाबी नेलपॉलिशचे थेंब होते. कुणा पोरीनं खेळता खेळता केलेला उद्योग, असं मनात म्हणत त्यांनी मुलीची कपाटात राहिलेली रिमूव्हरची बाटली आणली आणि स्क्रू लख्ख केले. मग ड्राइव्ह काकांच्या टेबलावर ठेवून हाक मारली. काका हलले नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा मारली, तरी नाही.

तेव्हा काकू पडद्यामागूनच मोठ्यानं म्हणाल्या, "याचा पट्टा वितळून चिकट झालाय. मी आपलं माझ्याकडचं इलॅस्टिक शिवून घालते."

खुर्ची करकरली. पडदा बाजूला झाला. "इलॅस्टिक?" काका म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला. राग आला की यांची जीभ सरळ होते, हे काकूंनी तेव्हा लक्षात ठेवलं, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

तर असे ते बसले. काका बोट दाखवत, काकू करत. पट्ट्यांच्या डब्यातून बरोबर मापाचा पट्टा निघाला. ज्या दोन दांड्यांवरून हेड पुढे-मागे सरकतं त्यांवरचं गोठलेलं वंगण काकूंनी कापसानं खरवडून काढलं. काकूंचा हात काजं-बटणांवर घडलेला, तो थरथरत नव्हता. मग काकांचं बोट त्या दोन लख्ख स्क्रूंपाशी थांबलं. हेड सरकवणारी छोटी मोटर या दोन स्क्रूंवर बसते, त्यांनी समजावलं. मोटर केसभर फिरली तरी हेड फ्लॉपीवरच्या ओळीवरून घसरतं, म्हणून त्यांच्यावर कारखान्यातच रंगाचा ठिपका देतात. इथे रंग नाही, म्हणजे कुणीतरी अडाण्यानं हात घातलाय. सरळ करावं लागणार.

एरवी स्क्रू सैल करण्याआधी मोटर कुठे होती त्याची बारीक रेघ ते सुईनं ओढून ठेवत. पण कुणीतरी आधीच सरकवलेल्या मोटरची रेघ ओढायची कशाला, असं म्हणून त्या दिवशी त्यांनी ती ओढली नाही.

कपाटातून त्यांनी मखमलीत ठेवलेली फ्लॉपी काढली. ती मापाची. तिच्यावर मजकूर नसतो, फक्त हेड सरळ आहे का ते तपासायच्या खुणा असतात. ती फिरायला लागली की शेजारच्या छोट्या हिरव्या पडद्यावर लहरींची दोन पानं उमटतात. एक मोठं, एक लहान दिसलं तर हेड वाकडं. दोन्ही सारखी झाली की सरळ. काकू स्क्रूड्रायव्हर फिरवत होत्या, काका पानं बघत होते. इकडे, अजून, जरा मागे. काकूंच्या कानांना त्यात काही अवघड वाटत नव्हतं. दोन्ही पानं जुळ्या बहिणींसारखी झाली तेव्हा काकांनी टेबलावर थाप मारली, आणि स्वतःच्या बाटलीतल्या हिरव्या रंगाचे ठिपके स्क्रूंवर डाव्या हातानं दिले. एक ठिपका जरा बाहेर गेला. दोघांनीही तो न दिसल्यासारखं केलं.

त्या दिवशी काका दोनदा वाढून घेऊन जेवले.

बाई बिस्किटांचा डबा घेऊन आल्या त्या अगदी सणाचे कपडे घालून. त्यांनी वरचीच फ्लॉपी काढून दिली. पानांच्या नक्षीची, त्यांची सर्वांत आवडती. ड्राइव्ह गुरगुरला. खट, खट. खट, खट. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं, वाचता येत नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. दुसरी घातली, तिसरी घातली. बाई मांडीवर हात ठेवून बसून होत्या.

"यंत्राचं काय चुकलं हो," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्याच फ्लॉप्या म्हाताऱ्या झाल्या असतील."

काकांनी पहिली फ्लॉपी उजेडात धरली. तिच्या तपकिरी अंगावर एक पुसट गोल ओरखडा उठला होता. जुन्या फ्लॉपीवरचा लेप सुटायला लागला की हेड तो खरवडतं, आणि खरवडलं की तिथलं लिहिलेलं कायमचं जातं. अजून थोडा वेळ खटखट चालली असती तर बाईंची पानं झडलीच असती. त्यांनी फ्लॉपी पाकिटात घातली, बाईंच्या हातात दिली आणि पुढच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसले. बाई गेल्यावर काकूंना म्हणाले, मुलीला फोन कर. गाडी आण म्हणावं. आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच, स्वतःच्या हाताविषयी म्हणाले, "गेला."

काकूंनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबल आवरायला मागे गेल्या. ड्राइव्ह उघडाच पडला होता. हिरव्या ठिपक्यांवरून हात फिरवता फिरवता त्या थबकल्या. स्क्रूवर रंगाचा ठिपका. ठिपका. मग काकू तशाच फडकं हातात घेऊन खिडकीशी आल्या.

"अहो, त्या स्क्रूंवर आधी काहीतरी होतं."

काकांनी मान वळवली.

"नेलपॉलिश होतं. गुलाबी. मला वाटलं पोरीबाळीनं लावलंय. मी पुसलं."

काकांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसायला लागली, आणि दुसरी बाजूही ओढत ओढत तिच्यामागे निघाली. रंग हाताशी नसला की दुरुस्तीवाले नेलपॉलिशच लावतात, ते म्हणाले, मीही लावलंय कितीदा. आता त्यांना सगळं उलगडलं होतं. पूर्वी कधीतरी कुणीतरी हा ड्राइव्ह दुरुस्त केला, हेड वाकडं बसवलं आणि वर नेलपॉलिश लावून पक्कं केलं. त्यानंतर बाईंनी जे जे काढलं ते या ड्राइव्हनं वाकडं लिहिलं, आणि वाकडंच वाचलं. त्याच्यापुरतं ते सरळच होतं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. आपण दोघांनी त्याला शहाणा केला, आणि आता त्याला स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही.

"मग पुन्हा वाकडा करा," काकू म्हणाल्या.

"किती वाकडा?" काका म्हणाले. "तेच तर पुसलंस."

"तुमची रेघ कुठे गेली? एरवी चहाच्या कपाभोवतीसुद्धा रेघ ओढाल."

कुणाचं जास्त चुकलं यावर दोघांचं जे जुंपलं ते दूध उतू जाईपर्यंत. कितीतरी महिन्यांत त्या घरात असं चांगलं भांडण झालं नव्हतं. गॅस पुसून काकू परत आल्या, तर खिडकीतली खुर्ची रिकामी होती आणि पडद्यामागे दिवा लागला होता.

बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, पण डबा पोटाशी धरूनच. काकूंनी त्यांना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आपण काय पुसलं तेसुद्धा. शोधताना एक फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवावी लागेल, ती खरवडली जाण्याचा संभव आहे, तेव्हा गेली तरी चालेल अशी एक निवडून द्या. बाईंनी डब्यातल्या फ्लॉप्या एकेक वर-खाली केल्या. लहान मुलांच्या टोपड्यांवर हात थांबला, पुढे गेला. हरणांवर थांबला. शेवटी एक बाजूला काढली.

"मोज्यांची घ्या. मोजे मला कधीच जमले नाहीत."

काकूंनी हिरवे ठिपके पुसले. आधी काकांनी सुईनं सरळ जागेची रेघ ओढवून घेतली, मग स्क्रू सैल करायला लावले. मोज्यांची फ्लॉपी फिरायला लागली. छोट्या पडद्यावर लहर आली ती मरतुकडी, नुसती थरथर. ती जाड झाली की समजायचं, हेड बाईंच्या ओळीवर आलं. काकू उजवीकडे वळवायला लागल्या तर लहर आणखीच रोडावली. काकांनी फ्लॉपी थांबवून हेड पुसायला लावलं. बोळ्यावर तपकिरी डाग आला. तो बघून बाईंनी मान फिरवली.

मग डावीकडे. काका अगदी हळू काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"सुईच्या नेढ्यातून दोरा जाईल एवढंच, म्हणताहेत," काकू स्क्रूवरची नजर न काढता म्हणाल्या. काका खरं तर 'अर्धा केस' म्हणाले होते. पण काकूंच्या हाताला दोऱ्याचं माप कळत होतं, केसाचं नाही, आणि काकांनीही दुरुस्ती केली नाही.

लहर फुगली. पुन्हा बसली. काकांचा डावा हात टेबलावर होता, त्याचं एक बोट उचललेलं. पडद्याकडे बघणं सोडून त्यांनी डोळे मिटले आणि कान ड्राइव्हशी नेला. काकूंनी दोरा जाईल एवढं, मग त्या दोऱ्याचाही एक पदर काढल्यावर उरेल एवढं वळवलं. बोट खाली आलं.

"बास."

ड्राइव्ह गुरगुरला. खट, खट. आणि मग तो वाचणाऱ्याचा शांत, एकसारखा आवाज. पडद्यावर नावांची रांग उतरायला लागली. शाळकरी मोजे, लांब मोजे, पट्ट्यांचे, बिनपट्ट्यांचे.

"जन्मभर टाळले," बाई म्हणाल्या, "आणि मोजेच पहिले आले मेले." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

काकांनी शेजारी आपला सरळ ड्राइव्ह जोडला. बाईंचा वाकडा वाचेल, काकांचा सरळ कोऱ्या फ्लॉपीवर लिहील. दुपारभर एकेक फ्लॉपी एकीकडून दुसरीकडे उतरत राहिली. टोपडी आली, हरणं आली, कारखान्यातल्या मैत्रिणीच्या पहिल्या नातवासाठी काढलेली बदकं आली. पानांची फ्लॉपी काकांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्यातलं अर्धंच आलं. ओरखड्याच्या पलीकडचं काही केल्या आलं नाही. काकांनी हेड पुन्हा पुसवलं, पुन्हा घातली, मग बाईंकडे बघून मान हलवली.

बाई पडद्यावरच्या अर्ध्या पानाकडे बघत राहिल्या. "उरलेलं मला आठवतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण लिहून नाही देता येणार. तिला माझ्याजवळ बसून विणावं लागेल." हे त्यांना वाईट वाटत होतं की बरं, ते काकूंना पटकन ठरवता आलं नाही. जाताना त्या ज्या झरझर चालीनं पायऱ्या उतरल्या, तिच्यावरून मात्र ठरवता आलं.

त्या गेल्यावर काकूंनी ड्राइव्ह पुन्हा सरळ करायला घेतला. काकांनी त्यांचा हात अडवला. आधी या वाकड्या जागेचीही रेघ ओढ, ते म्हणाले. पुढे कुणाला लागली तर. काकूंनी सुई घेतली आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली. दोन्हींच्या मध्ये नखसुद्धा गेलं नसतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. गाडी ठरवू का, तिनं विचारलं. काकूंनी नेहमीप्रमाणे पडद्याकडे तोंड करून तेच मोठ्यानं विचारलं. पडदा सरला, काका आले आणि त्यांनी फोन हातात घेतला. काकू मशीनशी जाऊन बसल्या. एका पॅन्टची खालची पट्टी दुमडून सुईखाली धरली.

काका बोलले. तिकडून आलं, हो बाबा, हो. काकांनी फोन कानापासून दूर धरून काकूंकडे पाहिलं. काकूंनी चाकावर हात ठेवला, पण मान वर केली नाही. सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या दातांत घट्ट धरल्या.

काका पुन्हा बोलले, तेच, जरा हळू. मग मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा, टीव्ही बंद करते. आता सांगा परत."

काकांनी परत सांगितलं.

"गाडी नको?" मुलगी म्हणाली. "गाडी नको म्हणताय ना? बरं. आणि पुढचं काय म्हणालात, ते सांगा. सावकाश सांगा, मी ऐकतेय."

काका खुर्ची ओढून बसले. काकूंनी पाय मशीनवरून काढून घेतला, म्हणजे तिला नीट ऐकू जावं.